वारशात आलेलं झेड-ओएसचं टीसीपी-आयपी कॉन्फिगरेशन: सात महिन्यांनंतर

आधीचे सर निवृत्त झाले आणि आयबीएमच्या मेनफ्रेमचं (झेड-ओएस ही त्याची ऑपरेटिंग सिस्टीम) नेटवर्क माझ्याकडे आलं, त्याला आता सात महिने झाले. हँडओव्हरमध्ये टीसीपी-आयपीचा एक प्रोफाइल मेंबर, म्हणजे सुरू होताना वाचली जाणारी सेटिंग्जची फाइल, मिळाला आणि "सगळं यातच आहे" एवढंच सांगितलं गेलं. सगळं त्यात नव्हतं. प्रोफाइलमध्ये लिहिलंय तेच मशीनवर चालू आहे असं कृपा करून धरून चालू नका, हे सांगायलाच लिहितोय.

दुसऱ्या महिन्यात ठरलेलं आयपीएल, म्हणजे मेनफ्रेम पुन्हा सुरू करणं, झालं. सकाळी टीएन3270 ची (मेनफ्रेमच्या टर्मिनलची) सेशन्स व्यवस्थित, पण एकाच सर्व्हरकडे जाणारं एफटीपी अडकलेलं. लॉगिन होतंय, छोटी यादी येतेय, फाइल सुरू झाली की तिथेच थिजतेय, एरर नाही काही नाही, शेवटी टाइमआउट. दीड दिवस मी फायरवॉलवाल्यांच्या मागे लागलो होतो, त्यांची काहीच चूक नव्हती. मग पिंगची लांबी वाढवत गेलो, 1400 ला उत्तर, 1472 ला उत्तर, 2000 ला शांतता. नेटस्टॅट (नेटवर्कची चालू स्थिती दाखवणारी कमांड) राऊट डिटेलमध्ये बघतो तर एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल लांबी, 8992 बाइट! समोरचा सर्व्हरही जंबो फ्रेमवाला, म्हणजे अशी मोठी पॅकेट्स घेणारा, मधला स्विच मात्र 1500 चा, मोठी फ्रेम आली की गुपचूप टाकून देणारा. बाकीचे सर्व्हर 1500 चेच, ते कनेक्शन जोडतानाच एमएसएस (एका पॅकेटमधला कमाल डेटा) 1460 सांगतात आणि मेनफ्रेम तेवढंच पाठवतो, म्हणून त्यांचं कधी काही बिघडलंच नाही.

मग आधी कसं चालत होतं? जुना सिसलॉग चाळल्यावर कळलं. सरांनी कधीतरी ओबेफाइल, म्हणजे चालू असतानाच सेटिंग्ज बदलणारी कमांड, चालवून एमटीयू 1492 केला होता आणि मूळ प्रोफाइलमध्ये टाकायचं राहून गेलं होतं. असा बदल स्टॅक (टीसीपी-आयपीचा प्रोग्राम) परत सुरू होईपर्यंतच टिकतो. सरांना दोष देत नाही, रात्री काम अडलं की आधी ते सुरू करायचं असतं.

दुरुस्ती करताना एक मात्र नक्की सांभाळा: ओबेफाइलमध्ये बिगिनराऊट्स (राऊट्सची यादी देणारा ब्लॉक) घातलं की आधीचे स्टॅटिक, म्हणजे हाताने लिहून दिलेले, राऊट्स सगळे जातात आणि फक्त नवे राहतात, म्हणजे एक ओळ बदलायची असली तरी पूर्ण ब्लॉक द्यावा लागतो. मी आता आधी सिंटॅक्सचेक कमांड चालवतो, मग ओबेफाइल, आणि त्याच बैठकीत प्रोफाइल. दर आठवड्याला नेटस्टॅटचं आउटपुट प्रोफाइलशी ताडून बघतो, तेवढ्यातच अजून दोन विसरलेले बदल सापडले.

प्रॉडक्ट म्हणून मला हे मनापासून आवडलंय, विचारलं की नेटस्टॅट खरं तेच सांगतो. डोकं खातं ते रिझॉल्व्हर (नावावरून आयपी पत्ता शोधणारा भाग), त्याची टीसीपीआयपी डेटा ही सेटिंग्जची फाइल नेमकी कुठून उचललीय ते शोधायला सर्च ऑर्डर, म्हणजे ती कुठे कुठे कोणत्या क्रमाने शोधली जाते, पाठच पाहिजे. व्हीटॅमकडे (मेनफ्रेमचं जुनं एसएनए नेटवर्क सांभाळणारा भाग) अजून नीट बघितलेलं नाही, एंटरप्राइझ एक्स्टेंडरचे (एसएनए आयपीवरून नेणारी सोय) 12000 ते 12004 हे यूडीपी पोर्ट कुठे कुठे उघडे आहेत त्याची यादी सध्या करतोय.