माइक पॅटनचा ‘अ‍ॅडल्ट थीम्स फॉर व्हॉइस’: काही महिने ऐकल्यानंतरचा अनुभव

हा अल्बम गेल्या पावसाळ्यापासून माझ्याकडे आहे आणि अजून फोनमध्ये टिकून आहे. हे आधीच सांगतो, कारण बरेच जण तो दुसऱ्या दिवशी काढून टाकतील.

माइक पॅटन म्हणजे ‘फेथ नो मोअर’ या अमेरिकन रॉक बँडचा गायक. ‘एपिक’ ऐकून त्याच्याकडे वळलेल्यांनी ते गाणं इथे विसरावं. १९९५ मध्ये बँडच्या ‘किंग फॉर अ डे’ या अल्बमचा दौरा चालू असताना त्याने हॉटेलच्या खोल्यांमध्ये चार ट्रॅकच्या छोट्या रेकॉर्डरवर हे सगळं ध्वनिमुद्रित केलं आणि १९९६ मध्ये अमेरिकन संगीतकार जॉन झॉर्नच्या ‘टझाडिक’ या रेकॉर्ड लेबलने ते काढलं. एकूण ३४ तुकडे, सगळे मिळून पाऊण तासाच्या आत. गिटार नाही, ड्रम नाहीत, शब्द जवळजवळ नाहीतच. फक्त घसा, जीभ, ओठ, श्वास आणि मायक्रोफोन. किंचाळणं, कण्हणं, पुटपुटणं, ओकारी काढल्यासारखे आवाज, सगळं आहे.

मेटल ऐकणाऱ्याला किंचाळी नवी नसते. पण बँडमध्ये ती गिटारच्या भिंतीमागून येते. इथे ती भिंतच नाही. त्यामुळे आवाज तयार कसा होतो ते ऐकू येतं: स्वरतंतूंच्या वर असलेल्या पट्ट्या थरथरल्या की येणारी घरघर वेगळी, श्वास आत ओढत काढलेला आवाज वेगळा. मायक्रोफोन ओठांना चिकटला की आवाज फाटतो, आणि पॅटन ते फाटणंसुद्धा मुद्दाम वापरतो. सुरुवातीला मला हा सगळा एकच गोंगाट वाटायचा. काही आठवड्यांनी थर सुटे दिसू लागले, खाली एक गुरगुर चालू आहे, वर दुसरा आवाज तिला छेद देतोय. सगळे थर एकाच माणसाचे.

माझी आत्या मिरजेत किराणा घराण्याचं गाणं शिकली. उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्यात सभा होते, तिला ती कधी चुकत नाही. तिला हेडफोनवर चार-पाच तुकडे ऐकवले. तिने शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाली, “अरे, याचा दमसास बघ. हा ओरडत नाहीये, मोजून सोडतोय.” सूर लागतो का हा प्रश्न तिने विचारलाच नाही. नोमतोममध्ये, म्हणजे ‘नोम्’, ‘तोम्’ अशा अक्षरांवरच्या आलापात, अर्थाचे शब्द नसतानाही आपण आलापाची वाट धरून चालतो. पॅटनकडे राग नाही, वाट नाही, तरी कुठे थांबायचं आणि कुठे तोडायचं याची समज पक्की आहे. माझ्या मते या अल्बमचा खरा ऐवज तोच.

आणि सांगलीकराला हे परकं वाटायचं कारण नाही. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथे ‘सीता स्वयंवर’ हे नाटक केलं. त्या परंपरेतल्या नाटकांत राक्षस ‘अललल डुर्र’ अशी आरोळी ठोकत रंगभूमीवर येत. सोंग आणि मुखवटा होताच, पण राक्षस खरा उभा राहायचा तो त्या आरोळीतून. मला हे ३४ तुकडे नाटकातल्या पात्रांसारखे ऐकू येतात. एक येतं, काही क्षण रंगमंच ताब्यात घेतं आणि निघून जातं.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. बरेच तुकडे नुसतं टिपण वाटतात, कल्पना सुचली आणि तिथेच सोडून दिली. वीस-बावीस तुकडे ठेवले असते तर अल्बम जास्त धारदार झाला असता. काही शीर्षकं उगाच बीभत्स आहेत, त्यांनी आवाजात काही भर पडत नाही. सलग पूर्ण ऐकणं मला आजही जड जातं. मी पाच-सहा तुकडे ऐकतो आणि थांबतो.

कसा ऐकावा, तर वायरच्या हेडफोनवर, बंद खोलीत. ब्लूटूथ स्पीकरवर खालचे थर गायब होतात. सांगलीच्या आयर्विन पुलावरून चालत ऐकून पाहिला, गाड्यांच्या आवाजात कुजबुज पूर्ण बुडाली. आवाजाची पातळी कमीच ठेवा, कारण शांत तुकड्यानंतर अचानक किंकाळी येते आणि कान दुखतात. घरात लहान मूल झोपलं असेल तर स्पीकर नकोच.

गाणी हवी असतील त्यांनी हा घेऊ नये, ‘फेथ नो मोअर’चे अल्बम आहेतच. पण स्वतः ग्रोल किंवा स्क्रीम, म्हणजे मेटलमधली गुरगुर आणि किंचाळी, शिकणाऱ्यांनी, आणि गाणं शिकणाऱ्यांनीही, जरूर घ्यावा. पॅटनचा पुढचा एकल अल्बम ‘प्रांझो ओल्त्रांझिस्ता’ १९९७ चा, त्याच लेबलचा, इटलीतल्या फ्यूचरिझम या कलाचळवळीचा प्रणेता मारिनेत्ती याच्या पाककृतींवर बेतलेला. त्यात वादकही आहेत. तो मी आता मागवणार आहे, पण ज्यांना दोन्ही ऐकायचे आहेत त्यांनी आधी हाच ऐकावा. नुसत्या आवाजाची सवय झाली की वाद्यांमध्येही तो शोधता येतो.