बासरी की फ्लूट? खर्जापासून तारापर्यंत भरीव सूर हवा असेल तर

गोव्यात फुंकवाद्य शिकायचे ठरवणाऱ्यापुढे दोन्ही वाटा उघड्या असतात. घरात पेटी-तबला आणि देवळात भजन असेल तर बांबूची बासरी; चर्चच्या कॉयरमुळे स्टाफ नोटेशन वाचता येत असेल तर धातूची फ्लूट. पहिले चार-सहा महिने सरले की दोन्हीकडची तक्रार मात्र एकच असते: मधले सूर बरे लागतात, खालचे, म्हणजे खर्जाचे, पोकळ येतात आणि वरचे, म्हणजे तारेचे, चिरकतात. ही तक्रार कुठल्या वाद्यावर लवकर सुटते, एवढ्यापुरतीच ही तुलना आहे.

दोन्हीकडे सारखे काय

ओठांतून निघालेला हवेचा पट्टा मुखछिद्राच्या पलीकडच्या धारेवर आपटतो. तो जितक्या लवकर तिथे पोचेल तितका सूर वरचा. लवकर पोचवायचे दोन मार्ग आहेत: हवेचा वेग वाढवणे आणि ओठ धारेच्या जवळ नेणे. नवखा शिकणारा फक्त पहिला मार्ग वापरतो, आणि तोही छातीतून जोर लावून. त्यामुळे तार षड्ज लागतो खरा, पण चढा आणि फुसफुसणारा. ओठ किंचित पुढे काढून मधली फट लहान केली की तेवढ्याच हवेत वेग वाढतो, जोर लागत नाही.

खर्जात याच्या उलट करायचे. फट रुंद, मागच्या दाढा एकमेकींपासून सुटलेल्या, हवेचा रोख अधिक खाली. खर्जाला हवा कमी लागते असे समजून बहुतेक जण हळू फुंकतात आणि सूर बसतच नाही. वेग कमी ठेवायचा, हवा नव्हे. वाद्य न घेता तळहात तोंडासमोर उभा धरून फुंकून पाहावे: खर्जाची हवा मनगटाकडे लागली पाहिजे, तारेची बोटांच्या मुळाशी.

सांधा कुठे येतो

वरच्या सुरात जाताना बोटे आणि फुंक एकदम बदलावी लागतात ती जागा म्हणजे सांधा. इथे दोन वाद्ये वेगळी होतात. बासरीवर शुद्ध मध्यमाला पहिले छिद्र अर्धे झाकलेले आणि बाकीची उघडी, तीव्र मध्यमाला सगळीच उघडी. लगेच पुढच्या पंचमाला मात्र सहाही छिद्रे बंद, आणि फुंक वरची. म्हणजे सहा बोटे आणि ओठ एकाच क्षणी बदलायचे, तेही ऐन मध्य सप्तकात. सुरुवातीला शिकवला जाणारा भूप राग घेतला तरी त्यात मध्यम नाही, म्हणून सुटका होत नाही. गंधारावरून पंचमावर जाताना हाच सांधा ओलांडावा लागतो. एखादे बोट उशिरा बसले की पंचमाऐवजी शिट्टी निघते, आणि शिकणारा फुंक चुकली असे समजून आणखी जोरात फुंकतो.

फ्लूटवर हा सांधा मधल्या सी शार्प आणि डी यांच्यामध्ये येतो. तिथे वाद्य थोडी मदत करते: डी आणि ई फ्लॅटला डाव्या हाताची तर्जनी उचललेली असते, आणि त्या उघड्या छिद्रामुळे सूर सहज वर उठतो. पुढच्या ई ला ही सवलत नसते, म्हणून तो सुरुवातीला फाटतो. तिसऱ्या सप्तकात प्रत्येक सुराची बोटे वेगळी पाठ करावी लागतात. त्यातले ई आणि एफ शार्प चांगल्या वादकालाही त्रास देतात. थोडक्यात, मधल्या सप्तकात फ्लूट सोपी आणि तिसऱ्यात अवघड. बासरीवर तारेचे सुरुवातीचे सूर ओळखीच्याच बोटांनी निघतात, तारेचा मध्यम येईपर्यंत नवे काही शिकावे लागत नाही.

छिद्र बुजते की नाही

बासरीवरचा पोकळ खर्ज बहुतेक वेळा ओठांचा दोषच नसतो. उजव्या हाताची अनामिका छिद्रावर नीट बसलेली नसते. सहाही छिद्रे बंद करून अर्धा मिनिट वाजवावे आणि बोटे उचलून पाहावीत. प्रत्येक पेरावर छिद्राचा पूर्ण गोल वळ दिसला पाहिजे. अर्धचंद्र दिसला तर त्या बाजूने हवा निसटते आहे. बोटांची टोके न लावता पेरांचा सपाट भाग लावावा. दाबून उपयोग नाही, बोट सरकवावे लागते.

म्हणून बासरीचा आकार निवडताना घाई नको. सफेद तीनची (पेटीची तिसरी पांढरी पट्टी), म्हणजे ई ची बेस बासरी साधारण 75 सेंटीमीटर लांब असते आणि तिचा खर्ज ऐकून मोह पडतोच. पन्नालाल घोष यांनी लांब बासरी रागसंगीतात रुजवल्यापासून मैफलीचा आवाज म्हणजे हाच, असे कानांना वाटते. पण तिच्यावर बोटे ताणावी लागतात आणि हवाही जास्त जाते. पहिल्या वर्षासाठी सफेद पाचची (जी), साधारण 63 सेंटीमीटरची मध्यम बासरी घ्यावी. हात लहान असेल तर सफेद सहा. पोकळ सुराचे कारण बोट की ओठ, हे तिच्यावर लवकर कळते. त्याहून लहान, जत्रेत मिळणारी बासरी घेऊ नये. तिच्यावर तार झटकन येतो आणि खर्ज शिकायचा राहून जातो.

फ्लूटवर छिद्रे किल्ल्यांखालचे पॅड (मऊ गाद्या) बुजवतात. वाद्य सुस्थितीत असेल तर शिकणाऱ्याला फक्त ओठांकडे लक्ष द्यायचे असते, ही तिची मोठी जमेची बाजू. पॅड गळका असेल तर मात्र खालचे डी आणि सी कितीही रियाज केला तरी येणार नाहीत, आणि नवख्याला वाटते आपलेच चुकते आहे. खालचे सूर अचानक गेले तर आधी जाणत्या वादकाकडून ते वाजवून घ्यावेत. त्यालाही आले नाहीत तर पॅड दुरुस्त करणारा कारागीर गाठावा. बासरीला असला कारागीर लागत नाही. फ्लूट घेण्याआधी तो कुठे भेटेल हे विचारून ठेवावे.

रियाज

पद्धत दोन्हीकडे एकच: जो सूर उत्तम लागतो तिथून बाहेर सरकायचे. भल्या पहाटे खर्जापासूनच सुरू करावे हा गायकांचा दंडक नवख्या बासरीवाल्याला बहुधा नडतो. नाद कसा हवा हे कानाला कळण्याआधीच तो तासभर पोकळ मंद्र पंचम (बासरीचा सर्वांत खालचा, खर्जातला सूर) फुंकत बसतो.

बासरीवर तानपुऱ्याच्या अॅपवर सूर लावून मध्य गंधार आठ सेकंद, चार वेळा. मग जिव्हाघात (जिभेचा ठोका) न करता ग-रे, रे-सा, सा-नि अशा जोड्या, खाली मंद्र पंचमापर्यंत. ज्या सुरावर रंग बदलला तिथे थांबून एक पायरी वर परत यायचे. पहिले काही आठवडे धैवताच्या खाली गेले नाही तरी चालेल. फ्लूटवर हेच मधल्या बी पासून अर्ध्या-अर्ध्या सुराने खाली.

दुसरा अभ्यास फक्त ओठांचा. बासरीची सहाही छिद्रे बंद ठेवून मंद्र पंचम, त्याच बोटांवर मध्य पंचम, मग तार ऋषभ. बोट हलवायचे नाही, जीभ लावायची नाही. वर जाणे पटकन जमते. परत मंद्रात उतरताना सूर तुटतो, आणि खरी मेहनत तिथेच आहे. फ्लूटवर खालच्या सी च्या बोटांवर सी, वरचा सी, जी, त्यावरचा सी. पाच मिनिटांपेक्षा जास्त नको, कारण ओठ थकले की ते ताणले जातात आणि तीच सवय लागते.

फ्लूटला एक सोय बासरीहून जास्त आहे. तिचा शिरोभाग सुटा होतो. त्याचे टोक तळहाताने बंद करून फुंकले की मधल्या ए च्या आसपास सूर येतो, आणि फट लहान केली की वरचा ई. बोटांचा प्रश्नच नाही.

तारेसाठी शेवटी एक कसोटी: तार षड्ज धरून आवाज हळूहळू कमी करावा. ट्यूनरची सुई खाली घसरली तर आतापर्यंत सूर जोरावर उभा होता, ओठांवर नाही. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) दिवसांत घुमट, शामेळ आणि कांसाळे या तालवाद्यांवरच्या आरतीत बासरी घेऊन बसणाऱ्यांना ही जोराची सवय हमखास लागते. तिथे माईक मागावा किंवा टाळ घ्यावेत.

गोव्याची हवा

बाल्कांवात (घराच्या दारापुढच्या बैठकीत) बसून रियाज करायचा मोह होतो, पण समुद्राकडचा वारा किंवा पंख्याचा झोत मुखछिद्रावरून गेला की हवेचा पट्टा मोडतो. खर्ज आधी जातो. पंख्याकडे पाठ करावी. उन्हाळ्यात वाद्याचा सूर आपोआप चढतो, दर अंशाला साधारण तीन सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). फ्लूटचा शिरोभाग जरा बाहेर ओढून हे जुळवता येते. अखंड बासरीला ती सोय नाही. भजनात पेटी काळी एकवर असेल तर वेगळी बासरीच लागते. कॉयरमध्ये फ्लूट लिहिल्याप्रमाणे वाजते.

पावसाळ्यात बांबूला आतून बुरशी धरते. वाजवून झाल्यावर काठीला सुती कापड गुंडाळून नळी पुसावी आणि प्लास्टिकच्या पिशवीत बंद करू नये. फ्लूटचे पॅड दमट हवेत चिकटतात. पॅडखाली पातळ कागद ठेवून किल्ली दाबावी, कागद ओढू नये.

कोणी काय घ्यावे

राग, नाट्यगीत, भजन हवे असेल आणि मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरणे) घ्यायची असेल तर मध्यम बासरी, यात फारसा विचार नको. नोटेशन येत असेल आणि तिन्ही सप्तके लिहिल्याप्रमाणे वाजवायची असतील तर फ्लूट, पण हलक्या प्रतीची नवी घेण्यापेक्षा दुरुस्त केलेली जुनी बरी. पहिल्या वर्षात दोन्ही एकदम नकोत, ओठांची ठेवण वेगळी असते. पणजीच्या कला अकादमीत हिंदुस्थानी आणि पाश्चात्त्य दोन्ही संगीत शिकवले जाते. आपल्या वाद्याचा वर्ग चालू आहे का, ते वाद्य घेण्याआधी विचारावे.

दुकानात जाताना वाजवणारे कोणी सोबत न्यावे. बासरीवर मंद्र आणि मध्य पंचम, मग मध्य आणि तार षड्ज ट्यूनरवर पाहावेत. दहा सेंटपेक्षा जास्त फरक असेल तर ती बासरी परत ठेवावी, कारण तो फरक नंतर ओठांनी भरून काढावा लागतो. फ्लूटमध्ये सफाईची सळी शिरोभागात घालून तिच्यावरची खूण मुखछिद्राच्या मधोमध येते का ते बघावे. शिरोभागाच्या बंद टोकातले बूच तिथून 17 मिलीमीटरवर हवे. सरकलेले असेल तर सप्तकांतली अंतरे बिघडतात, पण ते जागेवर आणता येते. गळके पॅड तसे नसतात, त्यांचा खर्च किमतीत धरूनच भाव करावा.