पाराती की कोलोनिया: पोर्तुगीजांनी वसवलेल्या दोन गावांतून एकाची निवड

दक्षिण अमेरिकेच्या प्रवासात एखाद्या जुन्या किनारी गावासाठी मोजकेच दिवस हाताशी असतील, तर ब्राझीलमधील पाराती आणि उरुग्वेमधील कोलोनिया देल साक्रामेन्तो ही दोन नावे हमखास पुढे येतात. दोन्ही गावे सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी वसवली, दोन्ही जागतिक वारसा यादीत आहेत आणि दोन्हीकडे दगडी फरसबंदीच्या गल्ल्या, कौलारू छपरे आणि चुन्याच्या भिंती आहेत. म्हणूनच केवळ छायाचित्रे पाहून निवड केल्यास फसगत होण्याचा संभव असतो. ही गावे कशासाठी जन्मली आणि कशामुळे टिकली, ती कारणे अगदी निराळी आहेत. निर्णय त्यांवरून घ्यावा, असे माझे मत आहे.

कोलोनिया हे मुळात सीमेवरचे ठाणे. रिओ दि जानेरोचा गव्हर्नर मानुएल लोबो याने १६८० साली ते स्पॅनिशांच्या ब्युनॉस आयर्ससमोर, प्लाता नदीच्या पैलतीरावर मुद्दाम उभारले. नदीमार्गे होणारा चांदीचा चोरटा व्यापार आपल्याकडे वळवणे हा त्यामागचा एक मोठा हेतू होता. स्पॅनिशांनी ते त्याच वर्षी जिंकले आणि पुढच्या वर्षी परत केले. त्यानंतर १७७७ मध्ये स्पेनने ते अखेरचे जिंकेपर्यंत लढाईत गेलेले गाव तहात परत मिळावे, असाच क्रम चालला. १७३५ ते १७३७ चा वेढा पोर्तुगीजांनी निभावून नेला, आणि दोनच वर्षांनी चिमाजी अप्पांनी त्यांच्याकडून वसई घेतली. एकाच साम्राज्याला दोन खंडांत एकाच सुमारास किती ताण सोसावा लागत होता, हे मराठी वाचकाला यावरून सहज उमगेल. या ओढाताणीच्या खुणा गावात एकमेकींलगत दिसतात. उतरत्या छपरांची पोर्तुगीज दगडी घरे आणि सपाट धाब्यांची स्पॅनिश विटांची घरे तेथे शेजारी उभी आहेत. ‘उसाशांची गल्ली’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या काये दे लोस सुस्पिरोसमध्ये खाली पाहावे: ओबडधोबड दगड दोन्ही बाजूंनी मध्याकडे उतरतात, म्हणजे पावसाचे पाणी घरांच्या भिंतींना न लागता मधून वाहून जाते. जुन्या मठाच्या भग्न भिंतींना लागून १८५७ चे दीपगृह आहे आणि त्यावर चढता येते. मात्र समोरचे पाणी गढूळ तपकिरी आहे. निळा समुद्र हवा असेल, तर कोलोनिया तुमच्यासाठी नाही.

पारातीला १६६७ साली स्वतंत्र गावाचा दर्जा मिळाला, पण तिचे भाग्य पालटले ते त्या शतकाच्या अखेरीस, मिनास जेराइसच्या डोंगरांत सोने सापडले तेव्हा. मूळ रहिवाशांची जुनी पायवाट गुलामांच्या श्रमांनी दगडांनी बांधून काढली गेली आणि खाणींतले सोने सेरा दो मारचा घाट उतरून या बंदरात येऊ लागले. पुढे रिओकडे थेट जाणारी नवी वाट निघाली आणि पारातीचे महत्त्व घटले. एकोणिसाव्या शतकात कॉफीने तिला पुन्हा हात दिला; परंतु रिओ आणि साओ पाउलो रेल्वेने जोडले गेले, १८८८ मध्ये गुलामगिरी संपली आणि बंदर ओस पडले. १९७० च्या दशकात किनारी महामार्ग येईपर्यंत गाव एकाकी राहिले. जुनी घरे पाडून नवी बांधण्याइतका पैसाच कुणापाशी नव्हता, म्हणून ती वाचली.

पारातीत मला सर्वांत मोलाची वाटतात ती तिथली चर्चे. १७२२ चे सांता रीता मिश्रवंशीय मुक्त लोकांसाठी, रोझारिओचे गुलामांसाठी आणि १८०० चे दोरेस प्रतिष्ठित गोऱ्या स्त्रियांसाठी होते. मुख्य चर्च गोऱ्यांचे. काही मिनिटांच्या चालीत अख्ख्या समाजाची उतरंड डोळ्यांसमोर उभी राहते, आणि सोन्याच्या वैभवाची किंमत कोणी मोजली हा प्रश्न टाळता येत नाही. गावाबाहेरच्या कांपिन्यो दा इंदिपेंदेन्सिया या वस्तीत गुलामांचे वंशज आजही राहतात; तेथे अवश्य जावे.

सोयीच्या बाबतीत कोलोनिया निर्विवाद सरस आहे. ब्युनॉस आयर्सहून जलद बोट साधारण सव्वा तासात पोहोचवते आणि जुने गाव एका दिवसात नीट पाहून होते. पारातीला रिओहून बसने चार ते पाच तास लागतात, म्हणून तेथे किमान तीन रात्री राहिल्याशिवाय जाण्यात अर्थ नाही. त्यांत एक दिवस खाडीतल्या बेटांसाठी आणि एक त्या जुन्या सुवर्णमार्गासाठी ठेवावा. गुडघेदुखी असणाऱ्यांनी मात्र दोनदा विचार करावा, कारण पारातीच्या जुन्या भागात मोटारी जात नाहीत आणि तिथले मोठे, गोलसर दगड ओले झाले की पाय हमखास घसरतो.

ब्युनॉस आयर्सला जाणारच असाल, तर कोलोनिया त्यात सहज बसते आणि वेगळा विचार करण्याची गरज उरत नाही. दोन्ही वाटा खुल्या असतील, तर मी निःशंकपणे पाराती सुचवेन. डिसेंबर ते मार्च तेथे पाऊस फार असतो, तेव्हा मे ते सप्टेंबरचा काळ निवडावा आणि शक्य तर पौर्णिमा किंवा अमावास्या साधावी, कारण त्या भरतीला समुद्राचे पाणी खालच्या गल्ल्यांत शिरते. २००३ पासून भरणाऱ्या साहित्य महोत्सवाच्या तारखा आधी पाहून घ्याव्यात. त्या दिवसांत राहण्याची सोय बरीच अगोदर करावी लागते.