घरभेटीवर जाणाऱ्या थेरपिस्टांचा अभ्यासगट : वर्षभराच्या सदस्यत्वानंतर

पुण्यात मुलांच्या घरी जाऊन समुपदेशन, वर्तनोपचार किंवा विशेष शिक्षण देणाऱ्यांसाठी चालणाऱ्या एका सशुल्क गटाचे सदस्यत्व मी गेल्या वर्षी घेतले. वर्गणी वर्षाला तीन हजार रुपये. त्यात महिन्यातून एक प्रत्यक्ष बैठक आणि एक व्हॉट्सॲप गट मिळतो. दवाखान्यात बसणाऱ्याला अडल्यास शेजारच्या खोलीतील सहकाऱ्याला विचारता येते. कोथरूडहून हडपसरला आणि तिथून वाकडला दुचाकीवर फिरणाऱ्याला ती सोय नसते, हेच सदस्य होण्यामागचे माझे कारण होते.

प्रवेश देताना कागदपत्रे खरोखर तपासली जातात, ही जमेची बाजू. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, स्पीच थेरपिस्ट आणि विशेष शिक्षक यांच्याकडून भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागितला जातो. नुसती समुपदेशनाची पदविका असलेल्यांना अशी नोंदणी मिळत नसल्याने त्यांना दोन सदस्यांची शिफारस आणावी लागते.

पैसे वसूल होतात ते बैठकीत. दर वेळी एक सदस्य, ओळख पटेल असे सर्व तपशील बदलून, एक केस मांडतो आणि बाकीचे प्रश्न विचारतात. मी एका सात वर्षांच्या मुलाची केस मांडली होती. सेशनच्या वेळी त्याची आजी शेजारी बसून त्याला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर स्वतःच देत असे, आणि घर त्यांचेच असल्यामुळे त्यांना बाहेर थांबा म्हणण्याची सोय नव्हती. एका ज्येष्ठ विशेष शिक्षिकेने सुचवले की, आजींनाच वही द्यावी आणि नातू आपणहून किती वेळा बोलतो याच्या रेघा ओढायला सांगावे. तिसऱ्या भेटीपर्यंत आजी उत्तरे द्यायच्या थांबून मोजण्यात गुंतल्या. असे उपाय पाठ्यपुस्तकात मला तरी सापडले नव्हते. २०१२ च्या पॉक्सो कायद्यावरची बैठकही तितकीच उपयोगी ठरली : लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा शंका असल्यास कलम १९ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे हे सर्वांना ठाऊक होते, पण त्याच घरात पुढच्या आठवड्यात पुन्हा जायचे असताना मुलाची सुरक्षितता कशी सांभाळायची, यावर तेथे प्रथमच मोकळेपणाने चर्चा झाली.

व्हॉट्सॲप गटाबद्दल मात्र माझी गंभीर तक्रार आहे. ‘अमुक भागात कोणी मोकळे आहे का?’ एवढे विचारून भागते, तरी काही सदस्य सोसायटीचे नाव, मुलाची शाळा, इयत्ता आणि निदान एका दमात लिहून मोकळे होतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि मुलाच्या बाबतीत तो सांभाळण्याची जबाबदारी आपल्यावर अधिकच येते. दोनदा लक्षात आणून दिल्यावर नियम झाला. पाळला जात नाही.

रेफरलच्या, म्हणजे सदस्यांनी एकमेकांकडे केस पाठवण्याच्या, दृष्टीने वर्षभरात माझ्याकडे पाच चौकश्या आल्या, त्यांपैकी दोन टिकल्या. कमिशन घेण्यास गटात मनाई आहे, हे चांगलेच. बालमानसोपचारतज्ज्ञ मात्र सदस्यांत एकही नाही, त्यामुळे औषधांविषयीचे प्रश्न बैठकीत अर्धवट राहतात.

मी सदस्यत्वाचे नूतनीकरण केले आहे. व्हॉट्सॲप गटातून मात्र बाहेर पडले असून, बैठकीची तारीख फोनवर कळवण्याची माझी विनंती संयोजकांनी मान्य केली आहे.