खानदेशातला उन्हाळा काढलेलं कॅबिनेट आणि एसएमपीएस

घर चोपड्यात, खोली वरच्या मजल्यावर थेट स्लॅबखाली, काम लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग. म्हणजे आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास पारा ४४-४५ वर जातो, नेमकं तेव्हाच माझं मशीन दिवस दिवस रेंडरला लागलेलं असतं. दिवाळीत जोडलेल्या या पीसीने कापसाच्या जिनिंगचा (सरकी वेगळी करण्याचा) हंगाम, अख्खा उन्हाळा आणि पावसाची सुरुवात पाहिली. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाबद्दल वाचायला भरपूर मिळतं, म्हणून इथे फक्त कॅबिनेट (पीसीचा बाहेरचा डबा) आणि एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा). कंपन्यांची नावं देत नाही, कारण मॉडेलं सारखी बदलतात. दुकानात काय बघायचं ते सांगतो.

आधी एसएमपीएस. माझ्याकडे राइझन ५ ५६०० प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड आहे. कार्ड १७० वॅटचं, प्रोसेसर ६५ वॅटचा (भार पडला की ७५ च्या आसपास), बाकी बोर्ड, डिस्क, पंखे धरून सगळं मिळून ३०० वॅट. एनव्हिडिया या कार्डासाठी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. मी ६५० चा, ‘८० प्लस गोल्ड’ शिक्क्याचा (कमी वीज वाया घालवणारा) घेतला, कारण तो जवळपास निम्म्या भारावर चालतो आणि तिथेच त्याची कार्यक्षमता सगळ्यात चांगली असते. ३०० वॅट देताना ९० टक्क्यांचा एसएमपीएस साधारण ३३ वॅट उष्णतेत घालवतो, ८० टक्क्यांचा ७५. मे महिन्यात बंद खोलीत हा फरक हाताला जाणवतो.

पण ‘८० प्लस’च्या शिक्क्यावर थांबू नका. ती चाचणी २३ अंशांच्या आसपास होते. आपल्याकडे एवढं तापमान जानेवारीत असतं! एसएमपीएस पूर्ण वॅट किती अंशांपर्यंत देतो, ४० की ५०, हे माहितीपत्रकात शोधा. खोलीच ४० ची असेल तर कॅबिनेटच्या आत त्याहून पाच-दहा अंश जास्तच धरायचे. तापमान १० अंशांनी वाढलं की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. म्हणून ५० अंशांचं रेटिंग आणि १०५ अंशांचे कपॅसिटर या दोन गोष्टींवर मी आग्रहाने पैसे घातले. कमी भारावर पंखा बंद ठेवण्याची सोय मिळते, ती इथे नको. पंखा फिरू दे.

लेबल वाचताना मोठ्या अक्षरातले वॅट सोडून १२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर बघा. माझ्यावर ५४ आहेत, म्हणजे ६४८ वॅट. एखाद्या स्वस्त डब्यावर ४५० वॅट लिहून १२ व्होल्टसमोर १८ अँपिअर असतील, तर खरे कामाचे वॅट २१६ च.

दुसरी गोष्ट इनपुटची. रब्बीत शेतातले पंप सुरू झाले की संध्याकाळी आमच्याकडे विजेचा दाब (व्होल्टेज) बराच खाली येतो. लेबलवर १००-२४० व्होल्ट असेल तर हे पचतं. फक्त २००-२४० लिहिलेलं असेल तर घेऊ नका. वीज गेल्यावर एसएमपीएस स्वतःच्या साठ्यावर साधारण १६ मिलिसेकंदच तग धरतो, त्यामुळे घरच्या इन्व्हर्टरचं बटण ‘यूपीएस’ मोडवर असायलाच हवं, म्हणजे बॅटरी पटकन सुरू होते. मी स्वतंत्र १००० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, यूपीएसच्या क्षमतेचं माप) यूपीएस लावलाय, कारण ६०० व्हीएचे बरेचसे ३६० वॅटपर्यंतच जातात.

आता अर्थिंग. कॅबिनेटच्या धातूला हात लावला की मुंग्या येतात, ही तक्रार गावोगाव ऐकू येते. दोष बहुतेक वेळा एसएमपीएसचा नसतो. त्याच्या फिल्टरमधले दोन कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलमधून अर्थला जोडलेले असतात. अर्थच नसेल तर पत्र्यावर निम्मा दाब, ११५ व्होल्टच्या आसपास, तरंगत राहतो. आमच्या वायरमनने मीटर लावला आणि सरळ सांगितलं, “भाऊ, पॉइंटले अर्थिंगच नई शे.” मीठ-कोळसा घालून नवा खड्डा केला आणि मुंग्या थांबल्या. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंग ढिलं पडतं, म्हणून मार्चपासून खड्ड्यात पाणी घालत राहायचं.

कॅबिनेट निवडताना मी समोर जाळी असलेलंच शोधलं. समोर काच आणि आत दिवे दिसायला छान, पण हवा येणार कडेच्या फटीतून. माझ्यात पुढे १२० मिमीचे तीन पंखे आत ओढतात, मागचा एक बाहेर टाकतो. आत येणारी हवा जास्त ठेवली की फटींतून धूळ शिरत नाही, जी येते ती जाळीवरच बसते. रेंडर चालू असताना मे महिन्यात कार्ड ७५ अंशांच्या थोडं पुढे गेलं, प्रोसेसरही आटोक्यात राहिला. कूलर खोलीत चालतो, पण त्याचा झोत पीसीवर घेत नाही. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार आहेत, ते उडालेल्या थेंबांसोबत बोर्डावर बसतात.

कापसाच्या हंगामात जाळीवर रुईच्या तंतूंची अक्षरशः गादी तयार होते. तेव्हा आठवड्याला रंगाच्या कोरड्या ब्रशने झाडतो, एरवी महिन्याने पुरतं. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा.

एसएमपीएस तळाशी, पंखा खाली तोंड करून बसवलाय. त्याला खालची ताजी हवा मिळते, कार्डाची गरम नाही. त्यासाठी कॅबिनेट फरशीवर न ठेवता लाकडी स्टुलावर ठेवलं. एक गैरसोय मात्र रोजची आहे: तळाची जाळी मागून निघते. भिंतीला लागून ठेवलं की प्रत्येक वेळी वायरींसकट सगळं पुढे ओढावं लागतं, आणि मग सफाई पुढे ढकलली जाते. पुढून निघणारी जाळी असलेली कॅबिनेटं थोड्या जास्त पैशांत मिळतात. जळगावला गोलाणी मार्केटमध्ये घ्यायला गेलात, तर खोक्यातून बाहेर काढायला लावा आणि ती जाळी तिथेच ओढून बघा.