हुमण-भात सोडायला न लावणारी डायटिशियन, फोंडा (तीन महिन्यांचा प्लॅन)

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो रिसेप्शनवरच्या पावडरच्या डब्यांसाठी आणि वेटिंगसाठी, त्यावर खाली लिहितेच. क्लिनिक फोंडा बसस्टँडपासून चालत जाण्यासारखं आहे, पार्किंगच्या नावाने बोंब, गाडी नेऊ नका.

मी सत्तेचाळीसची, शाळेत शिकवते. पाळी कधी दोन महिन्यांनी कधी पंधरा दिवसांनी, रात्री मधेच घाम फुटून जाग येते आणि खाणं तेवढंच असून पोट मात्र पुढे पुढे. स्टाफरूममध्ये प्रत्येकीकडे एकेक उपाय तयार असतो, कुणी सकाळी जिरंपाणी, कुणी रात्रीचं जेवण बंद, कुणाच्या जावेने भात सोडला आणि म्हणे दहा किलो उतरले (आणि मग परत चढले, ते कोणी सांगत नाही). मला भात सोडायचा नव्हता. गोव्यात राहून भात सोडायचा तर मग हुमण (आमची माशांची आमटी) कशाशी खायचं, ओट्सशी?

म्हणून जूनमध्ये इथे नाव घातलं. तीन महिन्यांचे साडेसहा हजार. आमचे हे म्हणाले एवढ्यात वर्षभराची जिम येते, ते खरंच आहे पण वर्षभराची जिम ह्यांनीसुद्धा घेतलेली आहे आणि त्या बॅगेत आता छत्र्या असतात.

पहिल्या भेटीला जवळजवळ तास दिला. मॅडम वयाने माझ्यापेक्षा लहान, पण घाई नाही. आधी रिपोर्ट मागितले, थायरॉईडचं टीएसएच, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी), व्हिटॅमिन डी, बी१२, लिपिड. माझं एचबीए१सी ५.९ आलेलं, ५.७ ते ६.४ म्हणजे डायबिटीसच्या उंबरठ्यावर, तेव्हा फॅमिली डॉक्टरांना दाखवून या मगच चार्ट देते म्हणाल्या. हे मला आवडलं. टीएसएच न बघता सरळ चार्ट हातात कोंबणारेही असतात.

मग टेप काढली. आपण टेलरकडे कमर देतो तिथे नाही, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड ह्यांच्या बरोबर मधे, आणि श्वास सोडल्यावर. मी सवयीने पोट आत घेतलं तर "टीचर, सोडा आता, हितं कोण बघणार नाय" म्हणून हसल्या. ९६ सेंटीमीटर. आपल्याकडच्या बायकांना ८० च्या वर गेलं की धोका धरतात, पुरुषांना ९० च्या वर, आणि वजन-उंचीचा तो बीएमआयसुद्धा आपल्यासाठी २५ नाही, २३ पासूनच जास्त धरायचा. वजन ७४. त्यानंतर खुर्चीवरून हाताचा आधार न घेता तीस सेकंदांत किती वेळा उठता-बसता येतं ते मोजलं. ते आकडे लिहीत नाही, माझेच मला माहीत असलेले बरे.

"चाळिशीनंतर मेटाबॉलिझम बसतो ना हो?" मी विचारलं. त्यांनी सरळ नाही म्हटलं. २०२१ मध्ये ‘सायन्स’ ह्या संशोधनाच्या नियतकालिकात ६४०० हून जास्त लोकांवरचा अभ्यास छापून आला होता, त्यात वीस ते साठ ह्या वयात शरीराचा खर्च जवळपास तसाच राहतो असं निघालं, बायकांमध्ये मेनोपॉजच्या आसपाससुद्धा. मग होतं काय, तर इस्ट्रोजेन कमी झालं की चरबी मांड्यांवरून पोटाकडे वळते, झोप उडते, स्नायू वापरले नाहीत की झिजतात आणि आपण बसतोही जास्त. हे ऐकून मला बरं वाटलं की वाईट तेच कळेना, कारण वयावर ढकलायची सोय गेली.

आता मुख्य गोष्ट, चार्ट. पहिला चार्ट त्यांच्या असिस्टंटने प्रिंट काढून दिला तो भंगार होता, कुठल्यातरी मुंबईच्या टेम्प्लेटवरून उचललेला, सकाळी क्विनोआ उपमा, गुरुवारी ग्रिल्ड फिश. गुरुवारी! आमच्याकडे सोमवार-गुरुवार शिवराक (शाकाहारी), आणि वर जून महिना म्हणजे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, ट्रॉलर जेटीला लागलेले, बाजारात जे मिळतं ते बर्फातलं आणि भाव विचारू नका. मी तो कागद तसाच मॅडमच्या टेबलावर ठेवला. त्यांनी बघितला, कपाळाला हात लावला आणि पेनने आडवी रेघ मारून मागच्या कोऱ्या बाजूला स्वतःच्या हाताने लिहायला घेतलं. तो कागद अजून माझ्या फ्रिजवर आहे.

त्यात काय होतं तर आमच्याच घरातलं. बंदीच्या दोन महिन्यांत अळसांदे, चवळी, मूग, शिवराकाचे वार सोडून रोज दोन अंडी, आठवड्यातून एकदा चिकन, सुके बांगडे किंवा सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर म्हणजे खोबरं घातलेली कोशिंबीर चालेल पण मिठामुळे थोडीच आणि त्या दिवशी लोणचं पापड नाही. दिवसाला साठ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असा हिशोब, अंड्यात सहा, वाटीभर शिजवलेल्या अळसांद्यांत आठ-दहा, शंभर ग्रॅम बांगड्यात एकोणीसेक. माझं आधीचं लिहून काढलं तर पस्तीसच्या वर जात नव्हतं, कारण ताटात हुमणातला एक तुकडा आणि भाताचा डोंगर. ऑगस्टमध्ये बोटी सुटल्या की बांगडे, तारले, तिसऱ्या (शिंपल्या), पण तळलेलं आठवड्यातून एकदाच.

भात बंद नाही. फक्त दुसऱ्या भेटीला घरातला भात वाढायचा डाव घेऊन या म्हणाल्या. मी पर्समधून डाव काढला तेव्हा वेटिंगमधल्या बायका बघत राहिल्या. तो त्यांनी भाताने भरून काट्यावर ठेवला आणि म्हणाल्या हे असे दोन, उकड्याचे, दुपारी, रात्री एक. कॅलरीज मोजायचं ॲप नाही, ग्रॅम नाही, दोन डाव. हे इतकं सोपं आहे की सासूबाईंना पण समजलं आणि तिसरा डाव वाढायला लागल्या की स्वतःच थांबतात. उकडा तांदूळ म्हणजे औषध असंही त्या मुळीच म्हणाल्या नाहीत, जास्त खाल्ला तर तोही चढणारच. खोबऱ्याचंही तेच. ओल्या खोबऱ्यात साधारण तिसरा हिस्सा नुसतं तेल, तेव्हा चौघांच्या हुमणाला अख्खा नारळ न घालता अर्धा, वाटण पातळ, आंबटाला सोलं (आमसुलं) आणि वासाला तिरफळं आहेतच. चव थोडी उतरते, खोटं कशाला बोलू. पोदेराची पोळी (पाववाल्याचा कोंडा लावलेला पाव) चालेल पण एकच, आणि बाहेरून कोंडा दिसतो म्हणून ती अख्ख्या गव्हाची समजू नका, हल्ली बऱ्याच ठिकाणी आत मैदाच असतो हेही त्यांनीच सांगितलं.

व्यायाम म्हणून फोंड्याजवळच्या फर्मागुडीला चालायला जाते, आठवड्याला दीडशे मिनिटं धरून, पण पावसात तिथे कुठलं चालणं, तेव्हा घरीच रबर बँड आणि खुर्चीवरून उठाबशा. नुसत्या चालण्याने स्नायू टिकत नाहीत, ओझं उचलायलाच पाहिजे हे त्यांनी एवढ्या वेळा सांगितलं की मला पाठ झालंय.

२०२५ ची चतुर्थी ऑगस्टच्या शेवटी, म्हणजे माझा प्लॅन संपायच्या तोंडावर. मी घाबरतच विचारलं नेवऱ्यांचं (करंज्यांचं) काय. त्यांनी घरी पाच दिवस गणपती की दीड दिवस असं आधी विचारलं! मग म्हणाल्या नेवऱ्या खा, दोन, पण जेवणानंतर नको, चारच्या चहाला, चहा बिनसाखरेचा, आणि मुगागाठी (मोड आलेल्या मुगांची उसळ) मात्र दणकून खा. पातोळ्या वाफेच्या, तळलेल्या नाहीत, पण गूळ तो गूळच. माझ्यासाठी साडेसहा हजार वसूल झाले ते इथे. इंटरनेटवर फुकट चार्ट ढीगभर आहेत, पण त्यातल्या एकालाही मासेमारी बंदी, श्रावण आणि चतुर्थी एकापाठोपाठ येतात हे माहीत नसतं.

रिझल्ट : वजन ७४ वरून ६९.५, कमर ९६ वरून ८९. मधे तीन आठवडे काटा जागचा हलला नाही, पण कमर एक सेंटीमीटर उतरलेली, म्हणून टेप. एचबीए१सी तीन महिन्यांनंतरच परत करायचं असतं, ते आता करणार. घामाने जाग येणं तसंच आहे, त्यासाठी गायनॅककडे जा असं मॅडमनीच सांगितलं.

आता तक्रारी. रिसेप्शनवर बसलेली मुलगी दर वेळी प्रोटीन पावडरचा डबा पुढे करते, अडीच हजारांना. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या तुम्हाला गरज नाही, मग बाहेर विकता कशाला? आयसीएमआर ह्या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२४ च्या आहार-मार्गदर्शनातही असल्या पावडरी टाळा असंच म्हटलंय. दुसरं ते बॉडी ॲनालिसिस मशीन, अनवाणी उभं राहायचं, पाचशे रुपये एक्स्ट्रा. पायातून बारीक करंट सोडून फॅट टक्के काढतात, पण अंगात पाणी किती ह्यावर आकडा हलतो. मी एकदा सकाळी केलं आणि एकदा शाळा सुटल्यावर, त्याच आठवड्यात दोन टक्क्यांचा फरक. "तुमचं मेटाबॉलिक वय ६१" असंही छापून येतं, त्याने फक्त रडू येतं. घेऊ नका, टेप फुकट आहे. तिसरं वेटिंग, पाचची अपॉइंटमेंट म्हणजे सहाला नंबर.

ते वजन उतरवायचं मौंजारो इंजेक्शन मार्च २०२५ मध्ये भारतात आल्यापासून स्टाफरूममध्ये रोज विषय असतो, म्हणून तेही विचारलं. नाकं मुरडली नाहीत. ते डॉक्टरने द्यायचं, काहींना गरज असतेच, घेतलं तरी प्रोटीन आणि ओझी उचलणं सोडायचं नाही कारण वजनाबरोबर स्नायूही जातात, इतकंच म्हणाल्या.

कुणी जावं : चाळिशी उलटलेल्या, घरी चार माणसांचा एकच स्वयंपाक करणाऱ्या, स्वतःसाठी वेगळं शिजवायला वेळ नसलेल्या बायकांनी. कुणी जाऊ नये : महिन्यात दहा किलो पाहिजे असलेल्यांनी, त्यांना मॅडम स्वतःच परत पाठवतात. पहिला चार्ट असिस्टंटकडून घेऊ नका, मॅडमनाच लिहायला लावा. फोन उचलत नाहीत, व्हॉट्सॲप करा, दोन दिवसांनी का होईना उत्तर येतं. आणि डाव न्यायला विसरू नका.