अमाइन लावलेले ग्राफीन: मिसळते उत्तम, पण वीज वाहते का?

नागपुरातील आमच्या प्रयोगशाळेत वीजवाहक एपॉक्सी (कडक होणाऱ्या चिकट रेझिनच्या) लेपांसाठी अमाइन गट (नायट्रोजन असलेला अणुगट) जोडलेल्या ग्राफीनची, म्हणजे कार्बनच्या अणूइतक्या पातळ थरांच्या पावडरीची, 10 ग्रॅमची बाटली मागवली होती. उन्हाळाभर वापरल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे.

मिसळण्याच्या बाबतीत या पावडरीला तोड नाही. साधे ग्राफीन रेझिनमध्ये टाकले की त्याचे थर एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि सोनिकेटर (ध्वनिलहरींनी मिश्रण ढवळणारे यंत्र) थांबवल्यावर काही वेळातच तळाशी काळा गाळ बसतो. या पावडरीचे मिश्रण मात्र रात्रभर ठेवून सकाळी खिडकीपाशी तिरके धरून पाहिले, तर काचेवरून ओघळणारा थर अखंड काळा होता, त्यात एकही कण वेगळा दिसला नाही. अमाइन गट एपॉक्सीच्या वलयांशी रासायनिक बंध जोडतात, त्यामुळे वाळलेला लेपही भक्कम होतो.

खरी अडचण वाहकतेची आहे. सहसंयुज बंधाने गट जोडला गेला की त्या जागच्या कार्बनची बंधरचना एसपी-2 (जिच्यात इलेक्ट्रॉन थरभर फिरू शकतात) ची एसपी-3 (जिच्यात ते बंधांत अडकतात) होते आणि इलेक्ट्रॉनांची वाट तिथे तुटते. आमच्या पहिल्या पट्टीवर मल्टिमीटरने आकडा दाखवलाच नाही. तरीही दोष रासायनिक बदलाच्या पद्धतीला देता येणार नाही, कारण 2006 साली संशोधक स्टँकोविच आणि सहकाऱ्यांनी फिनाइल आयसोसायनेट हे रसायन लावलेले ग्राफीन ऑक्साइड (ऑक्सिजनयुक्त ग्राफीन) पॉलिस्टायरीन या प्लास्टिकसोबत ठेवूनच त्याचे क्षपण केले, म्हणजे त्यातला ऑक्सिजन काढला, तेव्हा ग्राफीनचे प्रमाण आकारमानाने सुमारे 0.1 टक्का असतानाच वहन सुरू झाले होते. किती गट जोडले आणि क्षपण कितपत झाले, हेच निर्णायक ठरते. नेमकी हीच माहिती विक्रेत्याच्या पत्रकात नव्हती. शुद्धता आणि थरांची संख्या तेवढी छापली होती. आम्हीच रामन वर्णपट (लेसर प्रकाशाने घेतलेली रचनेची चाचणी) घेतला, तेव्हा 1350 प्रति सेंटीमीटरच्या आसपासचे, थरातले दोष दाखवणारे डी शिखर 1580 जवळच्या, ग्राफीनच्या मूळ रचनेच्या जी शिखरापेक्षा उंच निघाले. शेवटी यात साधे ग्राफीन मिसळले, तेव्हा कुठे आकडा दिसू लागला.

एक सूचना नागपूरकरांसाठी. मे महिन्यात खोलीत कूलर चालू असेल, तर बाटली उघडू नये. पावडर इतकी हलकी आहे की वाऱ्याने उडते, आणि ओलावाही धरते. आम्ही वजन करण्याआधी ती व्हॅक्यूम ओव्हनमध्ये वाळवून घेत होतो.

मजबुतीसाठी ही पावडर मी निःशंकपणे सुचवेन. वाहकतेसाठी मात्र पुढची बाटली मागवण्याआधी विक्रेत्याकडे त्याच बॅचचा रामन आलेख आणि ऑक्सिजनचे प्रमाण लेखी मागितले आहे.